हा डास नवा, हे कसे कळते?

नाशिकमध्ये पावसाळा लागला की महापालिकेचे कर्मचारी बॅटरी घेऊन घरोघर फिरू लागतात. पिंपाचे झाकण उचलतात, फ्रिजमागचा ट्रे ओढून पाहतात, कुंडीखालची बशी पालथी करतात. बॅटरीच्या उजेडात वळवळणाऱ्या अळ्या दाखवून सांगतात, "ताई, हे डेंग्यूचे." ताईंच्या मनात पहिली शंका येते ती हीच : यांना कसे कळले? डास तर सगळे सारखेच दिसतात!

दुसरी शंका अधूनमधून वर्तमानपत्र वाचताना येते. 'डासाची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी असते. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत, एकट्या भारतात सुमारे ४००. एवढ्या गर्दीत हातात आलेला डास यांपैकी कोणीच नाही, हे कोण आणि कशाच्या आधारावर ठरवते?

१. आधी आडनाव

डासाचे शास्त्रीय नाव शाळेच्या हजेरीपटासारखे असते. आधी आडनाव, मग नाव. 'एडिस इजिप्ती' यात एडिस हे घराणे आणि इजिप्ती ही त्या घराण्यातली एक प्रजाती. आपल्याकडे रोगराईच्या संदर्भात तीन घराणी वारंवार भेटतात. ॲनोफिलिस मलेरिया पसरवतो, क्युलेक्स हत्तीरोग आणि जपानी मेंदूज्वर, तर एडिस डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका.

घराणे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पिंपाशेजारी पाच मिनिटे उकिडवे बसले तरी पुरते. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्या शेपटीकडची श्वासनळी वर टेकवून डोके खाली करून लोंबकळतात. क्युलेक्सची नळी लांबसडक, एडिसची आखूड व जाडसर. भिंतीवर बसलेला ॲनोफिलिस शेपूट वर करून तिरका बसतो, बाकीचे दोघे भिंतीला समांतर. महापालिकेच्या माणसाने 'डेंग्यूचे' म्हटले ते याच खुणांवरून.

घराण्यापुढे जाऊन प्रजाती ओळखायची, तर मात्र भिंग हवे.

२. भिंगाखाली

समजा, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी एका जुन्या झाडाच्या ढोलीत पाणी साचले आहे आणि त्यात अळ्या आहेत. कीटकशास्त्राचा एखादा विद्यार्थी लांब नळीच्या पिचकारीने ते काळपट पाणी ओढून घेतो. आता तो काय करील?

सगळ्या अळ्या एकाच बरणीत वाढवणे ही पहिली आणि सर्रास होणारी चूक. शहाणा विद्यार्थी प्रत्येक अळी वेगळ्या काचनळीत ठेवतो, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावतो आणि नळीला क्रमांक देतो. अळी चार अवस्थांतून जाऊन कोष होते, तेव्हा तिची शेवटची कात पाण्यात उरते. कोषातून डास उडाला की कोषाचे रिकामे टरफल उरते. ही कात, ते टरफल आणि तो डास, तिघांना एकच क्रमांक. एकाच प्राण्याच्या तीन वयांचे फोटो एका पाकिटात ठेवावेत तसे. पुढे वाद झाला तर हे पाकीट कामी येते, कारण कित्येक प्रजातींतल्या माद्या हुबेहूब सारख्या असतात आणि भेद अळीच्या केसांत किंवा नराच्या जननांगात सापडतो.

कोषातून बाहेर आलेल्या डासाला लगेच मारायचे नाही. रंग आणि खवले पक्के व्हायला बराच वेळ द्यावा लागतो. मग टाचणीला अडकवलेल्या बारीक कागदी त्रिकोणाच्या टोकावर डिंकाचा कणभर ठिपका घेऊन डासाची छाती त्याला बाजूने चिकटवतात. टाचणीखाली चिठ्ठी : गाव, तारीख, अळी कुठे मिळाली, कोणी गोळा केली. ही चिठ्ठी नसलेला डास शास्त्राच्या दृष्टीने कचरा.

आता सूक्ष्मदर्शक. डासाचे सगळे सौंदर्य खवल्यांत असते. फुलपाखरासारखेच डासाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवर ओळख चालते. एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी पांढरी आकृती असते. त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस याच्या पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ, मांग काढल्यासारखी. एडिस व्हिटॅटस हा डास खडकांतल्या खळग्यांत वाढतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाला अशा खळग्यांची काय कमी! त्याच्या पाठीवर पुढच्या बाजूला बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात. घाईत पाहणारा त्यालाही इजिप्ती म्हणून मोकळा होतो.

विद्यार्थ्याच्या हाताशी एक 'किल्ली' असते. ही किल्ली म्हणजे प्रश्नांची मालिका. पायांवर पांढरे पट्टे आहेत का? असतील तर प्रश्न ७ वर जा, नसतील तर प्रश्न १२ वर. असे करत करत शेवटी एक नाव येते. भारतीय डासांच्या जुन्या किल्ल्यांत दोन ग्रंथांचा दबदबा अजून आहे : ॲनोफिलिसवर ख्रिस्टोफर्सचा १९३३ चा, आणि इतर डासांवर बॅरॉडचा १९३४ चा.

ब्रह्मगिरीच्या आपल्या काल्पनिक डासाला किल्लीतला कोणताच दरवाजा उघडत नसेल, तर कान टवकारायचे. घोषणा मात्र करायची नाही.

३. अचलपूरची छावणी

ही सगळी उठाठेव कशासाठी, याचे उत्तर एका खऱ्या डासाच्या गोष्टीत आहे. आणि ती गोष्ट महाराष्ट्रातली आहे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवाच्या पेशी दिसल्या. त्याआधीची दोन वर्षे तो चुकीचे डास चिरत बसला होता. करड्या आणि पट्टेरी डासांत काही सापडेना. शेवटी 'ठिपकेदार पंखांचे' डास हाती लागले आणि गाडी रुळावर आली. त्या डासाला काय म्हणतात, हे रॉसला ठाऊक नव्हते. डासांचे वर्गीकरण तेव्हा पाळण्यात होते. प्रजातीची ओळख नसली की केवढी मेहनत पाण्यात जाते, याचा याहून मोठा दाखला क्वचितच मिळेल.

चार वर्षांनी, १९०१ मध्ये, वऱ्हाडात एलिचपूरच्या (आजचे अचलपूर, जिल्हा अमरावती) छावणीतले डॉक्टर ग्लेन लिस्टन यांनी तिथल्या ॲनोफिलिस डासांच्या सवयींवर 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लेख लिहिले आणि एका नव्या डासाचे वर्णन केले. मलेरियाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्यावरून त्याचे नाव पडले ॲनोफिलिस स्टीफेन्सी. ठिपकेदार पाय, सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर पांढरे पट्टे आणि ठिपक्यांचा शिडकावा, अशी त्याची ओळख. लिस्टन यांच्याजवळ होते ते भिंग, टाचणी आणि भरपूर चिकाटी. जनुक हा शब्ददेखील तेव्हा जन्मला नव्हता.

नाव मिळाल्यावर काय झाले? काही वर्षांत मुंबईत मलेरियाने उच्छाद मांडला. लिस्टन यांनी आणि पुढे चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात बोट ठेवले ते याच डासावर. तो गटारात वाढत नव्हता, घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढत होता. मग विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम निघाली आणि काही समाजांनी, विशेषतः पारशी मंडळींनी, धार्मिक कारणांनी तिला विरोधही केला. डास ओळखता आला नसता तर मुंबईने गटारे धुतली असती आणि मलेरिया विहिरीत सुखाने नांदला असता.

४. दिसतात सारखे, पण सोयरीक होत नाही

भिंगाचीही मर्यादा आहे. ती आधी युरोपने पाहिली. इटलीत काही गावांत एकाच दिसणाऱ्या ॲनोफिलिसचे थवे होते आणि मलेरियाही होता. शेजारच्या काही भागांत तोच डास होता आणि मलेरियाचे नाव नव्हते. हे कोडे १९२६ मध्ये फॅलेरोनी यांनी सोडवायला घेतले ते अंडी पाहून. डास सारखेच, पण अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी! एका नावाखाली अनेक प्रजाती राहत होत्या आणि त्यांतल्या काहीच माणसाला चावत होत्या.

अशा दिसायला एक, पण वंशाने वेगळ्या डासांना अभ्यासक 'भावंड-प्रजाती' म्हणतात. प्रजाती म्हणजे काय, याची सोपी कसोटी अशी : निसर्गात ज्यांची आपापसात सोयरीक होते आणि पुढे वंश चालतो, ते एका प्रजातीचे. डासांच्या लग्नपत्रिका कोणी छापत नाही, तेव्हा सोयरीक होते की नाही हे गुणसूत्रांवरून शोधावे लागते.

ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस हा आपल्या खेड्यांतल्या मलेरियाचा मुख्य वाहक. अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयात काही पेशी असतात, त्यांतली गुणसूत्रे फुगून जाड झालेली असतात आणि त्यांवर आडवे काळे पट्टे दिसतात. अभ्यासकांना आढळले, की काही डासांत या पट्ट्यांचा एक तुकडा उलटा बसला आहे. पोथीत मधली पाने उलट क्रमाने शिवली जावीत तसा.

आता हिशेब पाहा. एका गावात १०० माद्या तपासल्या. गुणसूत्रांचा निम्मा साठा 'सुलटा' आणि निम्मा 'उलटा' निघाला. सगळे डास एकाच समाजातले असतील आणि मोकळेपणाने सोयरिकी होत असतील, तर आईकडून सुलटा आणि बापाकडून उलटा असे मिश्र डास ५० च्या आसपास निघायला हवेत. २५ निव्वळ सुलटे, २५ निव्वळ उलटे. प्रत्यक्षात ५० सुलटे, ५० उलटे आणि मिश्र शून्य निघाले तर? एकाच गोठ्यात राहणारे हे दोन समाज एकमेकांशी लग्ने करत नाहीत. या दोन प्रजाती आहेत.

अशाच तर्काने १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी क्युलिसिफेसिसमध्ये 'अ' आणि 'ब' वेगळ्या काढल्या. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम वाढवत नेले आणि आज क्युलिसिफेसिसच्या नावाखाली पाच भावंडे मानली जातात. 'ब' बहुतांशी गुराढोरांवर पोसतो आणि मलेरिया पसरवण्यात मागे आहे. दिसायला मात्र पाचही एक. ज्या गावात 'ब'च आहे तिथे फवारणीवर पैसा ओतायचा की नाही, हा प्रश्न त्यामुळे नुसता पुस्तकी राहत नाही.

५. एका पायाची साक्ष

गुणसूत्रांचे पट्टे वाचणे हे फार थोड्यांना जमणारे कसब. शिवाय मादी नेमक्या अवस्थेत सापडावी लागते. डीएनए-वाचनाने हे बंधन सैल केले.

टाचणीवरच्या डासाचा एक पाय काढायचा. तेवढा पुरतो. बाकीचा पाच पायांचा डास चिठ्ठीसकट पेटीत सुरक्षित राहतो, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर दाखवायला मूळ पुरावा आहे. तो पाय कुटून, रसायनांत भिजवून त्यातला डीएनए वेगळा करतात. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली प्रचंड लांब पोथी. सगळी वाचायची गरज नसते. सगळ्या प्राण्यांत असलेले एकच ठरावीक पान उघडायचे : पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत असलेल्या 'सीओआय' नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी या तुकड्याला प्राण्यांचा 'बारकोड' म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. किराणा दुकानातल्या साबणाच्या वडीवर असतो, तसा.

एका पायातला डीएनए वाचायला फारच थोडा, म्हणून त्याच्या प्रती काढतात. या तंत्राला पीसीआर म्हणतात. कोविडमुळे हा शब्द घरोघर पोचला. दर फेरीत प्रती दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. ३० फेऱ्यांनंतर, निदान कागदावर तरी, एका प्रतीच्या १०७ कोटींहून जास्त प्रती होतात.

मग अक्षरे वाचून तुलना. समजा, ब्रह्मगिरीचा आपला डास आणि एक ओळखीची प्रजाती यांच्या ६५८ अक्षरांत ५ ठिकाणी फरक आला. म्हणजे पाऊण टक्का. एका प्रजातीच्या दोन डासांत एवढा फरक असू शकतो. साताऱ्याची आणि नागपूरची मराठी असावी तसा. फरक ४० अक्षरांचा आला, तर तो सहा टक्के. ही वेगळी भाषा असण्याची शक्यता दाट. डासांच्या बाबतीत दोन टक्क्यांची रेघ ढोबळमानाने वापरतात.

ही रेघ भारतात तपासून पाहिली गेली आहे. पुदुच्चेरीच्या कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्रातल्या प्रदीप कुमार आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये भारतातल्या ६३ प्रजातींचे बारकोड प्रसिद्ध केले. बहुतेक सगळ्या चोख वेगळ्या निघाल्या. दोन जवळच्या प्रजाती मात्र बारकोडला वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि भिंगाला त्या येत होत्या! पुण्यातही राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि मिलिंद पाटोळे यांनी २००० मध्येच सात प्रजातींच्या डीएनए-तुकड्यांची तुलना केली होती.

६. 'जुळले नाही' म्हणजे 'नवा' नव्हे

उतावळा अभ्यासक इथे हमखास फसतो. ब्रह्मगिरीच्या डासाचा बारकोड त्याने जगभरच्या साठ्याशी ताडून पाहिला. कोणाशीच जुळला नाही. झाली नवी प्रजाती? छे. साठ्यात ज्यांचे बारकोड अजून कोणी भरलेच नाहीत, अशा जुन्या प्रजाती ढिगाने आहेत. बॅरॉडने १९३४ मध्ये वर्णन केलेला एखादा डास नव्वद वर्षांत पुन्हा कोणी पकडला नसेल, तर त्याचा डीएनए साठ्यात येणार कुठून? मतदारयादीत नाव नाही म्हणून माणूस गावात जन्मलाच नाही, असे म्हणता येत नाही.

उलटेही घडते. साठ्यातल्या नोंदी माणसांनीच भरलेल्या असतात. कोणीतरी पूर्वी चुकीचा डास चुकीच्या नावाने चढवला असेल, तर यंत्र ती चूक नव्व्याण्णव टक्के जुळली म्हणून इमानेइतबारे परत देते. शिवाय सीओआयचे पान फक्त आईकडून येते, बापाची बाजू त्यात नाही. म्हणून अभ्यासक पेशीकेंद्रातले दुसरे एखादे पान, बहुधा 'आयटीएस-२' नावाचे, सोबत वाचतात.

शेवटी पुन्हा टाचणीकडेच यावे लागते. जवळच्या सगळ्या प्रजातींची मूळ वर्णने वाचायची. त्यांचे मूळ नमुने पाहायचे. भारतीय डासांचे कित्येक मूळ नमुने लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहेत. सगळीकडे भेद टिकला, अळी-कोष-नर-मादी एका सुरात बोलले आणि डीएनएनेही दुजोरा दिला, तरच नवे नाव. तेव्हा एकच डास 'प्रमाण नमुना' म्हणून निवडतात. बाजारातली वजने ज्या सरकारी मापाशी ताडतात, तसे त्याचे स्थान; पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तरी नाव त्या एका डासाला बांधलेले असते. तो सार्वजनिक संग्रहालयात जमा होतो, सचित्र वर्णन छापले जाते, मग नाव अधिकृत. नाव गावावरूनही देता येते. नाशिककरांना याचे जवळचे उदाहरण अंजनेरीचे : २००६ मध्ये तिथल्या डोंगरावर सापडलेल्या कंदीलपुष्पाचे नाव 'सेरोपेजिया अंजनेरिका' आहे.

ही सगळी वाट चालणारी माणसे कमी होत आहेत, हे दुखणे खरे आहे. पाय कुटून नळीत भरणारे हात मुबलक आहेत; खवल्यांची नक्षी वाचणारे डोळे थोडे.

७. पुन्हा स्टीफेन्सी

अचलपूरच्या डासाची गोष्ट अजून चालू आहे. १९३७ मध्ये म्हैसूर भागात स्वीट आणि राव यांना दिसले, की स्टीफेन्सीच्या अंड्यांना पाण्यावर तरंगायला जे बाजूचे पंखे असतात, त्यांवरच्या कंगोऱ्यांची संख्या सगळीकडे सारखी नाही. सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तीन रूपे मांडली. शहरी 'टाइप' रूपाच्या अंड्यावर साधारण १४ ते २२ कंगोरे, ग्रामीण 'मायसोरेन्सिस'वर ९ ते १५, आणि मधल्या रूपावर १२ ते १७. एका अंड्यावर १४ कंगोरे मोजले तर ते तिन्हींपैकी कोणाचेही असू शकते. म्हणून एका मादीची पुष्कळ अंडी मोजून बहुतेकांचा आकडा कुठे पडतो ते पाहावे लागते. ही तीन रूपे की तीन प्रजाती, यावर एकमत झालेले नाही.

दरम्यान हा डास परदेशी गेला. २०१२ मध्ये आफ्रिकेच्या टोकावरच्या जिबुतीत तो सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात. दोन्हीकडे आधी भिंगाखालच्या खुणा आणि मग डीएनए, अशा दुहेरी साक्षीने ओळख पटवली गेली. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांचा. हा डास शहरातल्या टाक्यांत वाढणारा. जिबुतीत २०१२ मध्ये मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. लिस्टन यांनी छावणीत बसून केलेले वर्णन तिथल्या डॉक्टरांना सव्वाशे वर्षांनी उपयोगी पडत आहे.

नाशिकच्या ताईंनी मात्र पिंपातला डास कोणत्या प्रजातीचा, या वादात न पडता आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. आणि पाणी नुसते ओतून देऊ नये. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेलगत पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. पिंप काथ्याने आतून घासावे.